पळसाची तीन पानं

(त्रैक्य रविवारच्या निमित्ताने वाशीम येथे भरलेल्या हितचिंतक मेळाव्यात केलेले भाषण)



या रविवारी बोलायला मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. त्रैक्यावर बोलायचं तर सेमिनरीत शिकलेला माणूस पाहिजे. मी रात्रशाळेचा मास्तर. मानोरा तालुक्यातल्या आदिवासी वस्त्यांवर सतरा वर्षं सायकलनं आणि मग मोटरसायकलनं फिरलो, एवढीच माझी पदवी. पण पाळकसाहेब म्हणाले, तुमच्या वस्तीवर जे झालं तेच सांगा. ते सांगायचं तर त्यात माझी चूकही सांगावी लागते. ती सांगूनच टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला सोपं जाईल.

सव्वीस घरांची आंध समाजाची ती वस्ती आहे. नाव सांगत नाही. त्यातली नऊ घरं आपल्या प्रार्थनेला येत. सुरुवातीच्या दिवसांत एका म्हाताऱ्या आजीच्या अंगणात बसून मी त्रिएक देवाबद्दल बोलत होतो. आजी पत्रावळी लावत होती. समोर पळसाच्या पानांचा ढीग. मला वाटलं, देवानंच उदाहरण हातात दिलं. 'पळसाला पानं तीनच' ही म्हण तर सगळ्यांच्या तोंडात. मी एक डहाळी उचलली आणि म्हणालो, बघा, देठ एक आणि पानं तीन. तसाच आपला देव.

आजीनं माझ्या हातातली डहाळी घेतली, एक पान तोडलं, काडी टोचून पत्रावळीत लावलं आणि म्हणाली, "मास्तर, हे पान तं जेवनाले गेलं. आता तुमचा देव दोनच राह्यला का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री झोप लागली नाही. आजीनं बरोबर बोट ठेवलं होतं. पान हा पळसाचा एक भाग असतो. पुत्र हा देवाचा एक भाग नव्हे. तीन तुकडे जोडून देव होत नाही.

पुढच्या आठवड्याला मी दुसरं उदाहरण घेऊन गेलो. लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकलेलं. पाणी, बर्फ आणि वाफ. वस्तू एकच, रूपं तीन. हे लोकांना पटलं. आजीसुद्धा काही बोलली नाही. मी खूश झालो. आणि इथंच मी पुढच्या भांडणाचं बी पेरलं, हे मला चार वर्षांनी कळलं.

कारण चार वर्षांनी एक बाहेरचे उपदेशक वस्तीवर आले. बोलणं गोड, बायबल तोंडपाठ. ते म्हणाले, देव एकच, त्याचं नाव येशू. तोच पूर्वी पिता म्हणून आला, मग पुत्र म्हणून, आता आत्मा म्हणून. घरी बाप, आईचा लेक आणि हापिसात साहेब, असा माणूस एकच असतो ना? तुमचे मास्तर तर तुम्हाला हेच सांगतात, पाणी, बर्फ अन् वाफ! मग बाप्तिस्मा तीन नावांनी कशाला? प्रेषितांची कृत्ये २:३८ काढा. पेत्र येशूच्या नावानं बाप्तिस्मा घ्यायला सांगतो. तुमचा बाप्तिस्मा झालेलाच नाही.

म्हणजे रान मीच नांगरून ठेवलं होतं. नऊपैकी पाच घरांनी तलावावर जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेतला.

हे उपदेशक कुणी वाईट गृहस्थ होते असं मी म्हणत नाही. त्यांचं म्हणणं जुनं आहे. तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेलियस नावाचा शिक्षक असंच काहीसं शिकवत होता. अलीकडचं सांगायचं तर १९१३ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ एका शिबिरात हाच बाप्तिस्म्याच्या नावाचा प्रश्न उठला आणि तीनच वर्षांत, १९१६ साली, असेंब्लीज ऑफ गॉड ही मंडळी त्यावरून फुटली. तिथं लागलेली आग शंभर वर्षांनी वाशीम जिल्ह्यातल्या सव्वीस घरांच्या वस्तीवर आली. दोन अंगणांत दोन प्रार्थना सुरू झाल्या. एकीचं गाणं मोठं झालं की दुसरीकडची ढोलकी आणखी जोरात. बाजूची सतरा घरं, ज्यांना पिता-पुत्राशी काही देणंघेणं नाही, ती कंटाळून गेली.

मग एप्रिलात आपल्याकडच्या चार घरांपैकी एका घरी म्हातारा गेला. पाच घरांतलं कुणी खांदा द्यायला आलं नाही. सख्खा चुलतभाऊ दारात बसून राहिला. खड्डा खणायला बिगर ख्रिस्ती शेजारी आले. माती द्यायला अंधार पडला. कंदिलाच्या उजेडात मी प्रार्थना केली, पण तोंडात शब्द प्रार्थनेचे आणि मनात राग.

त्याच रागात मे महिन्यात मी बियाण्याची यादी केली. आपल्या संस्थेची तूर-सोयाबीनच्या बियाण्याची मदत सगळ्या वस्तीला असते, धर्म विचारून नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या देणग्या त्यासाठीच येतात. मी यादीतून ती पाच घरं वगळली. सव्वीसची एकवीस केली. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ज्यांनी येशूचं नाव कधी घेतलं नाही त्यांची नावं यादीत राहिली. ज्यांनी फक्त येशूचंच नाव धरलं त्यांची नावं मी कापली. आज हे बोलताना हसू येण्यासारखं वाटतं. तेव्हा मला वाटलं होतं की मी शुद्ध शिक्षणाचं रक्षण करतोय.

मृग लागला, पाऊस झाला. पाचांपैकी तिघांनी बियाणं उधारीवर उचललं. एकानं बायकोच्या गळ्यातली पोत गहाण टाकली. एकाचं अर्धं वावर पडीक राहिलं. आजी माझ्याकडे आली. ती आपल्याकडच्या चार घरांतली, पण तिची लेक त्या पाचांत दिलेली. तिनं भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली, "मास्तर, त्यायले देवाचं गणित नाई आलं, म्हणून तुमी त्यायचं पेरनं थांबवलं. तुमाले तरी कुठी आलं होतं? तुमी तं पान दाखवलं होतं मले."

बंधुभगिनींनो, त्यानंतर मी या विषयाकडे खरोखर वळलो. आमच्या मुलीनं कॉलेजच्या लायब्ररीतून एक पुस्तक आणलं. पंडिता रमाबाईंची पत्रं. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांनी ती जमवली होती आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७७ साली छापली. पुस्तक इंग्रजी. माझं इंग्रजी बेताचं. मुलगी संध्याकाळी वाचून मराठीत सांगायची आणि मी ऐकायचो.

रमाबाई म्हटलं की आपल्याला केडगावचं मुक्ती मिशन आठवतं, १९०५ चं संजीवन आठवतं, त्यांनी मरेपर्यंत केलेलं बायबलचं मराठी भाषांतर आठवतं. पण या बाईंचं त्रैक्यावरून केवढं मोठं भांडण झालं होतं, हे मला या वयापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. उपदेशांत ते येत नाही. का येत नाही याचा मी अंदाज करू शकतो.

२९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेज इथं रमाबाईंचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पिता, पुत्र, पवित्र आत्मा याच नावानं झाला. नंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. शिकत होत्या, संस्कृत शिकवतही होत्या. आणि तिथून १८८५ च्या सुमाराला त्यांची पत्रं सुरू होतात. देव एक आहे हे मी मानते, ख्रिस्त तारणारा आहे हे मानते, पण तुमचं हे त्रैक्य मला बायबलात दाखवा. अथनेशियसच्या नावानं चालणारा तो विश्वासांगीकार त्यांना मुळीच मान्य होईना. इंग्लंडच्या मंडळीत तो वर्षातून ठराविक सणांना म्हणत, त्यांत आजचा त्रैक्य रविवारही होता. हे असंच मानणार नाही त्याचा नाश होईल, असा त्याचा सूर. (अथनेशियसनं तो लिहिलेलाच नाही, हे विद्वानांनी केव्हाच दाखवून दिलंय.) रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले होते, भाऊ गेला होता, नवरा गेला होता. ज्या माणसांनी हे नावही ऐकलं नाही त्यांच्या नाशाबद्दल म्हणायला त्यांची जीभ कशी वळावी? हे शेवटचं वाक्य माझं आहे, त्यांचं नव्हे.

आता दोन बायका बघा. सिस्टर जेराल्डिन रमाबाईंवर माया करायच्या, यात शंका नाही. पण त्यांना या शंकांत गर्व दिसला. आज्ञाभंग दिसला. मंडळी सांगते ते लेकरासारखं स्वीकारावं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर रमाबाईंनी जे कळवलं त्याचा मतलब असा, की आपल्या देशातल्या पुरोहितांचं जोखड मी नुकतंच उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. मनोरमेला काय शिकवायचं यावरूनही दोघींचं वाजलं.

दुसरी बाई डोरोथिया बील. कॉलेजच्या मुख्याध्यापिका. त्यांचाही त्रैक्यावर पूर्ण विश्वास. पण त्यांनी रमाबाईंना उत्तरं दिली. एकेक मुद्दा घेऊन, बरोबरीच्या माणसाला द्यावीत तशी. त्या उत्तरांनी रमाबाईंचं समाधान झालं का? लगेच नाही झालं. १८८६ च्या सुरुवातीला रमाबाई अमेरिकेला निघाल्या तेव्हाही प्रश्न मिटले नव्हते.

हे ऐकताना मी मुलीला म्हणालो, थांब. मी जेराल्डिनबाईंपेक्षा वाईट. त्यांनी निदान भाकरी तोडली नव्हती.

अमेरिकेत काय झालं, तेही या मेळाव्याला सांगण्यासारखं आहे, कारण आपण सगळे इथं देणगीदार म्हणून बसलोय. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली. विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा पुरवायचं तिनं कबूल केलं. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल. हे युनिटेरियन पाळक, म्हणजे त्रैक्य न मानणारे. आणि उपाध्यक्षांत एक फिलिप्स ब्रुक्स, ते बोस्टनच्या ट्रिनिटी चर्चचे पाळक. म्हणजे ज्या देवळाचं नावच त्रैक्य, त्याचे पाळक आणि ज्यांना त्रैक्य मान्य नाही ते अध्यक्ष, एकाच सतरंजीवर! त्या पैशातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. युनिटेरियनांचा विषय निघालाच आहे म्हणून, आपले विठ्ठल रामजी शिंदे याच लोकांच्या मदतीनं १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला शिकून आले आणि १९०६ साली त्यांनी अस्पृश्यांसाठी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली. त्रैक्य मानणारे आपण पुष्कळ जण तेव्हा काय करत होतो, हा प्रश्न मी आज उकरत नाही.

पण म्हणून काहीही माना, चालतं, असं मला म्हणायचं नाही. तसं असतं तर रात्रशाळा पुरली असती, प्रार्थनेची गरज नव्हती. या वाशीमात नाझरीन मंडळीचं काम जुनं आहे आणि तिच्या विश्वासाच्या कलमांतलं पहिलंच कलम त्रिएक देवाचं आहे. ते पहिलं का, हे मला रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यावरून उमगलं.

बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना ख्रिस्त खऱ्या अर्थानं भेटला असं त्या स्वतः साक्षीत सांगतात. आतापर्यंत मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असा त्या कबुलीचा अर्थ. मग लोणावळ्याच्या शिबिरात पवित्र आत्म्याविषयी त्यांना नवी जाग आली. आणि १९०५ मध्ये केडगावला ते संजीवन. क्रम लक्षात घ्या. इंग्लंडला जायच्या आधी ब्राह्म समाजाच्या संगतीत त्यांना एक देव कळला होता. नंतर पुत्र. नंतर आत्मा. पत्रांतल्या वादात ज्या तीन गोष्टींचा मेळ बसत नव्हता, त्या आयुष्यात एकामागून एक येऊन भेटल्या. कुणी वाद जिंकला म्हणून नव्हे. हे माझं वाचन आहे, विद्वानांना वेगळं वाटू शकेल.

पहिल्या मंडळीचंही बहुधा असंच झालं असावं. बायबलात त्रैक्य हा शब्द नाही, हे रमाबाईंचं आणि त्या उपदेशकांचंही म्हणणं अगदी खरं आहे. लॅटिनमध्ये तो तर्तुल्लियननं सन २०० च्या आसपास रुळवला. निकियाची परिषद भरली ३२५ साली, अरियसनं पुत्राला निर्माण केलेला म्हटलं त्या वादातून. पवित्र आत्म्याविषयीचा मजकूर ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला वाढवला गेला. पण शब्द येण्याआधी अनुभव होता. देव एकच, असं दिवसातून दोनदा म्हणणारे यहूदी लोक होते ते. त्यांनी येशूला प्रभू म्हटलं आणि पेन्टेकॉस्टला आत्मा अनुभवला. हे तिन्ही सांभाळायचं कसं, याची ती तीनशे वर्षांची धडपड.

आपल्या मराठीत आणखी एक अडचण. आपण म्हणतो, एक देव, तीन व्यक्ती. 'व्यक्ती' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तीन माणसं उभी राहतात, शिधापत्रिकेवर असतात तशी. वस्तीवर 'व्यक्ती' शब्दच नाही, तिथं 'जण' होतात. "तिघं जण अन् देव येक, हे कसं?" दुसरीकडे 'रूपं' म्हणावं तर तो उपदेशकांचा मार्ग. त्रिमूर्ती म्हणावं तर अर्थच दुसरा. शब्द थोडे अपुरे पडणारच, हे मान्य करून चालावं. मी आता उदाहरणं देत नाही.

मग काय करतो? यार्देन नदी सांगतो. येशू पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे, आणि वरून बापाची वाणी येते आहे. तिन्ही एकाच वेळी. बाप घरी आणि साहेब हापिसात, तसं नव्हे. गेथशेमाने सांगतो. रात्री बागेत येशू कुणाशी बोलत होता? स्वतःशी नक्कीच नाही. हे दोन प्रसंग मी त्या पाच घरांतही जाऊन सांगितले, पण आधी दुसरं काम करावं लागलं.

माफी मागायला मी ऑगस्टात गेलो. उशीरच. दारोदार गेलो आणि यादी माझ्या हातची होती हे सांगितलं. तीन घरांनी चहा दिला. एकानं ऐकून घेतलं आणि काही बोलला नाही. ज्याच्या घरची पोत गहाण पडली होती त्यानं दारातूनच परत पाठवलं, आणि ते योग्यच होतं. त्या वर्षी मी स्वतःच्या पगारातून ती पोत सोडवली. त्यानं ती घेतली, पण अजूनही माझ्याशी बोलत नाही. प्रार्थना आजही दोन अंगणांत होते. मात्र गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडची एक लहान मुलगी गेली तेव्हा आपली चारही घरं पहाटेच गेली आणि खड्डा आपल्या पोरांनी खणला.

त्या रात्री आजी मला म्हणाली, "मास्तर, मले प्रार्थना येत नाई. त्या लेकराच्या मायजवळ बसली तं तोंडातून शबूदच निघे ना. नुसतं हुं हुं करत राह्यली." मी तिला रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आपल्या भाषेत सांगितला. आपल्याला कशी प्रार्थना करावी कळत नाही तेव्हा आत्माच आपल्या आतून कण्हतो. तो आपल्याला बापाला हाक मारायला लावतो. आणि पुत्र बापाच्या उजवीकडे बसून आपल्यासाठी रदबदली करतो. म्हणजे आजी, तुझं ते हुं हुं करणंसुद्धा एकटीचं नव्हतं. तुझ्या आत देव होता, तुझ्या बाजूनं बोलणारा देव होता, आणि ऐकणाराही देवच होता.

आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे पानापेक्षा बरं हाय."

आता कमिटीसाठी एक कामाची गोष्ट. फूट पडली त्या वर्षी मी रागात जो अहवाल लिहिला, त्यावरून आपल्या मदतीच्या अर्जात सातवा रकाना आला. 'बाप्तिस्मा झाला असल्यास कोणत्या नावाने.' दोष कमिटीचा नाही, कागद माझा होता. बियाण्याच्या आणि वसतिगृहाच्या अर्जावर हा रकाना आजही आहे. लोक तो भरताना माझ्या तोंडाकडे बघतात, कोणतं उत्तर दिलं म्हणजे पोतं मिळेल ते ओळखायला. मागच्या महिन्यात एकानं विचारलं, "मास्तर, यात काय लिहू? तुमी सांगा तसं लिहितो." देवाच्या नावाबद्दल विचारत होता तो.

बुधवारी मी नवे अर्ज घेऊन वस्तीवर जाणार आहे. दुपारी जेवणानंतर कमिटी बसते आहे. माझी विनंती आहे की छपाईला देण्याआधी तो सातवा रकाना काढून टाकावा.

सलाम.